गुंडूरावांचे उपाशी मासे

चामराजपेट, बेंगळूर
८ जुलै १९६३

तीर्थस्वरूप मल्लाप्पामामांना शालनचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? बेळगावात पाऊस लागला असेल. आम्ही सारे ठीक.

मी पदवीधर झाले तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत, पण मत्स्यखात्यात मी काय करते हे विचारले नाहीत. मी मासे चिरून त्यांची अंडी मोजते. (तुंगाआत्याला एकच दुःख आहे: पोरगी दिवसभर मासे चिरते आणि घरी एक तुकडी आणत नाही. ते औषधात बुडवलेले असतात, हे तिला पटत नाही.)

होसकोट्याच्या तळ्यावर गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींचा क्लब आहे. अध्यक्ष गुंडूराव. (पूर्वी पलटणीत सुभेदार, आता मिशा तेवढ्या सेवेत आहेत.) त्यांचे म्हणणे, जुलैतला मरळ मासा भुकेने पिसाळतो, म्हणून खरी शिकार जुलैत. दर सोमवारी ते आपले पराक्रम माझ्या टेबलावर पाठवतात. मी सात मरळ चिरले. सातही नर आणि सातांचीही पोटे रिकामी. मी वहीत लिहिले, ‘भूक तीव्र’.

तळ्याकाठी मासे विकणारी गंगव्वा आहे. शाळेचे तोंड न पाहिलेली, पण आमच्या खात्यात तिच्याइतके कोणाला कळत नाही. वही वाचून दाखवली तर ती पदर तोंडाला लावून हसली. मग मला काठावर बसवून म्हणाली, “स्वल्प गप्प बस, अक्का. ते बघ.” पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका होता आणि खाली काळी सावली. “भूक कुठली? बाप आहे तो. पोरांजवळ काही आलं की चावतो.”

मामा, मी तासभर तिथून हलले नाही. परत येऊन वहीतली ओळ खोडली आणि पावसाळ्यात दोन महिने गळ बंद ठेवावा असा अहवाल लिहिला. क्लबाचे मतदान अठराला आहे. गुंडूराव विरुद्ध आहेत आणि बोलायचे मला आहे.

तुमची,
शालन

ता. क. पत्राचे कारण हे : बाबांनी येत्या चौदाला मला दाखवायचा बेत केला आहे, तो गुंडूरावांच्याच मुलाला. चौदाला त्यांच्या पाया पडले की अठराला त्यांच्यासमोर तोंड कसे उघडू? आषाढात मुलगी दाखवत नाहीत असे तुम्ही बाबांना खरमरीत लिहा. ते तुमचे ऐकतात, माशांचे ऐकत नाहीत.

आणखी एक. मुलगा विद्याधर. काल त्याने गळाला लागलेला मरळ वडिलांच्या देखत परत पाण्यात सोडला. तेव्हा फार लांबवू नका. श्रावण लागला की पुरे.