दर बारा पावलांवर

सोमवार, ३ मार्च

धाकटीला मिळालं! रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं काम – माझ्या सख्ख्या बहिणीला. साहेबांनी दोघींना एकाच टेबलाशी बसवून सांगितलं, म्हणजे मला तोंड वाकडं करायचीही सोय ठेवली नाही. "छान झालं," म्हणाले मी. एकोणीस वर्षं या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढतेय. तिला सहावं चालू आहे. आणि तिला इथे चिकटवलं कोणी? मीच.

मंगळवार, ४ मार्च

पोटात दुखतंय. डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हे.

शुक्रवार, ७ मार्च

दोघी आईकडे जेवायला गेलो. आई म्हणाली, "हिच्या इमारतीत माणूस लवकर बरा होईल म्हणे." मग माझ्या इमारतीत काय मरणार होता? या कामासाठी मीही आराखडा दिला होता; त्यात चार मजले उंच काचेचा दर्शनी भाग होता, मधोमध झाड होतं. "फोटो सुंदर येईल," असं साहेब म्हणाले होते. ते कौतुक नव्हतं, हे मला आज आईची भांडी घासताना कळलं.

धाकटी म्हणत होती, "ताई, घे ना अजून, काहीच घेतलं नाहीस." तिचा चांगुलपणाही डोळ्यांत खुपतो. भांडखोर असती तर बरं झालं असतं.

बुधवार, १२ मार्च

तिचे नकाशे तपासायला माझ्याकडे आले. माझ्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय ऑफिसातून कागद बाहेर पडत नाही, एवढा एक मान उरलाय.

वॉर्डाबाहेर लांब बोळ. त्यात दर बारा पावलांवर भिंतीत आत घेतलेलं एक बाक, शेजारी बसल्या उंचीची खिडकी. बाराच का? दहा का नाही, पंधरा का नाही? विचारलं नाही. विचारलं की तिला समजावून सांगायला मिळतं.

हिला आजारी माणसाचं काय कळतं म्हणा! गेल्या वर्षी माझ्या कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा याच रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत रोज यायची, पण हातात वही. मी भिंत धरून चालतेय आणि बाईसाहेब मागून खरडताहेत. तेव्हाही ऑफिसचं काम सुटत नव्हतं.

गुरुवार, १३ मार्च

सापडलं. बाकं आत घ्यायला तिने वॉर्डाची जागा खाल्ली आहे. बाकं काढली तर दोन खाटा वाढतात. तसा शेरा लिहून साहेबांकडे दिला. साहेबांनी तो रुग्णालयाच्या समितीकडे पाठवला.

खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. फक्त एरवी मला शेरे लिहायला आठवडा लागतो, हे चाळीस मिनिटांत झालं.

सोमवार, १७ मार्च

दोन खाटा म्हटल्यावर समिती लगेच तयार. बाकं रद्द!

धाकटी रडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, कंबर कशी आहे आता?" टोमणाच असणार.

जेवण गोड लागलं. बऱ्याच दिवसांनी.

बुधवार, १९ मार्च

बोळाचे नकाशे बदलायला फाइल मागवली. तिच्यात धाकटीची ती वही होती. मोजमापं असतील म्हणून उघडली.

"ताई. पहिला दिवस – सहा पावलं. दुसरा – नऊ. चौथा – बारा. म्हणाली, जरा टेकायला हवं. टेकायला काही नाही. भिंत धरली. खिडकीपर्यंत जायचं होतं, मागे फिरली. रडली. मला दिसू दिलं नाही."

सातव्या दिवशीही बारा. नवव्याही.

खाली इतर पेशंट. शेजारच्या खाटेवरच्या आजी – अकरा. ट्रक ड्रायव्हर – चौदा. शिक्षिका – बारा. चार पानं भरून. शेवटी एक ओळ: "बसायला मिळालं असतं तर ताई खिडकीपर्यंत गेली असती."

मी रडले होते हे मी विसरून गेले होते. त्या खिडकीतून काय दिसतं ते मला अजून माहीत नाही. आणि माझ्या आराखड्यात बसायला एकही जागा नव्हती – मी, जी स्वतः तिथे भिंत धरून उभी होते! दर्शनी भागाच्या काचेवर मात्र मी तीन आठवडे घालवले.

लाज वाटतेय. आणि खरं लिहायचं तर त्यातही हेवा आहेच. हे मला सुचायला हवं होतं.

शुक्रवार, २१ मार्च

शेरा मागे घेतेय, असं समितीला कळवलं. बैठकीच्या खोलीत नको, जुन्या इमारतीतल्या बोळातच या म्हटलं. धाकटीलाही बोलावलं.

मी आधी पोचले. वॉर्डाच्या दारापासून मोजत निघाले. बाराव्या पावलाला भिंतीचा रंग हातभर उडालेला आहे. माझ्या एकटीच्या हाताने एवढा उडत नाही.