शिवणीतली माया

५ मार्च
ह्यांची साखर वाढली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिन्यांत आकडा खाली आला नाही तर बस चालवता येणार नाही, डेपोत टेबलावर बसून पास द्यावे लागतील. स्टिअरिंगशिवाय हा माणूस मी कधी पाहिलेलाच नाही, झोपेतसुद्धा वळणं घेतो.
दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलं होतं, हे आजार जगभर वाढताहेत. बैठं काम, वाटेल ते खाणं, वेळेवर तपासणी न होणं. जगाचं जग बघून घेईल. या घराची जबाबदारी माझी.
उद्यापासून घरात गोड बंद.

६ मार्च
कपाटात केक, बिस्किटांचे डबे आणि जॅमची अख्खी बाटली निघाली. टाकून द्यायला जीव होईना. ठेवलं तर ह्यांना मोह होणार. दुपारपर्यंत मोह संपवला.
हे संध्याकाळी म्हणाले, कपाट रिकामं दिसतंय. म्हटलं, तुमच्यासाठीच.

१२ मार्च
हे आता डेपोपर्यंत चालत जातात. मीही रोज जायचं ठरवलं आहे. बेकरीपर्यंत गेले. पुढे त्यांना एकट्यालाच पाठवलं. सवय चालण्याची लागायला हवी, बायकोशी गप्पा मारण्याची नको.

१९ मार्च
नणंदबाई भावाच्या तब्येतीची चौकशी करायला आल्या. चॉकलेटचा मोठा डबा घेऊन. म्हटलं, अहो, त्यांना हे चालत नाही. म्हणाल्या, मग तू खा गं वहिनी, चेहरा बघ किती उतरलाय. उतरणारच. सगळा भार माझ्यावर. त्यांचं मन मोडलं नाही.
जाताना रिकाम्या डब्याकडे बघून म्हणाल्या, दादाचं पथ्य तुझ्या चांगलंच पथ्यावर पडलंय. टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. कौतुकच असणार.

२ एप्रिल
ह्यांच्या पँटी कमरेत सैल झाल्या. मशीनवर बसून सगळ्या आत घेतल्या. बायको शिवणकाम करते त्याचा हा फायदा.
बसलेच होते म्हणून माझ्या निळ्या ड्रेसचीही बाजू उसवली. शिवताना आत जास्तीचं कापड सोडतो, ती माया थोडी बाहेर काढली. धुण्यात आटलाय. दुकानदाराशी बोलणार आहे.

१५ एप्रिल
हल्ली तहान फार लागते. हवा कोरडी आहे. नुसतं पाणी किती पिणार, म्हणून मधूनमधून कोल्ड्रिंक. ह्यांच्यासमोर मात्र कधीच नाही. घरात पथ्याचं माणूस असलं की आपल्याला संयम ठेवावा लागतो.
झोप नीट होत नाही, सारखं उठावं लागतं. एवढं पाणी पोटात गेल्यावर दुसरं काय होणार.

३ मे
सुईत दोरा जात नाही. सुयांना पूर्वीसारखी भोकं ठेवत नाहीत.
हे म्हणाले, डोळे दाखव, आणि या वेळी माझ्याबरोबर तूही रक्त दे. म्हटलं, डॉक्टरीणबाई येतात फक्त गुरुवारी, रांग जिन्याखाली जाते. माझ्यासारख्या धडधाकट बाईने नंबर लावायचा म्हणजे एखाद्या आजारी माणसाची जागा अडवायची. जगभर लोकांना डॉक्टर मिळत नाही, आणि आपण. हे म्हणाले, तुझं भाषण चालू दे, नंबर मी लावतो.

२० मे
ड्रेसमधली माया संपली. उसवायला काही राहिलं नाही. अंगावर चढतो, फक्त चढल्यावर श्वास घ्यायचा नाही. न धुता आटणारं कापड पहिल्यांदाच पाहतेय.
शेजारी वाढदिवस होता. दोघांसाठी पेस्ट्री आल्या. ह्यांनी शांतपणे नाही म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या भरात दोन्ही मी खाल्ल्या.

४ जून
दोघांनी रक्त दिलं. नर्सने विचारलं, उपाशी आलात ना. हो म्हटलं. बसमध्ये बिस्किटं खाल्ली होती, पण प्रवासातलं कोणी धरत नाही.
हे रिपोर्ट कधी मिळणार ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मी धीर दिला. म्हटलं, माझा रिपोर्ट बघा, तुम्हाला हुरूप येईल.

११ जून
हे पास. बस हातात राहिली.
मग डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट उघडला आणि चष्मा पुसला. मी म्हटलं, नळ्या बदलल्या असतील, तुमच्याकडे गर्दीही केवढी. म्हणाल्या, नळीवर तुमचंच नाव आहे. मी बिस्किटांचं कबूल केलं. म्हणाल्या, ही तीन महिन्यांची सरासरी आहे, बसमधल्या बिस्किटांची नाही. तहान लागते का, सारखं उठावं लागतं का, नजर धूसर होते का, असं एकेक विचारत गेल्या. मी हवा कोरडी असल्याचं सांगितलं.
हे पास झाल्याचा आनंद विसरून माझी फाईल मांडीवर घेऊन बसले होते.
गोळ्या दिल्या. म्हणाल्या, घाबरू नका, वेळेत आलात. यजमानांनी सगळं इतकं छान सांभाळलंय, त्यांना विचारा आणि तसंच करा.
घरी आल्यावर विचारलं. हे बिनसाखरेच्या चहात बराच वेळ चमचा फिरवत राहिले. मग म्हणाले, मी खास काहीच केलं नाही गं. गोड खावंसं रोज वाटायचं. कपाट उघडायचो, तर काही उरलेलंच नसायचं.