चाळिसावी गाठ

तीर्थरूप मामांना वाकून नमस्कार (हातमोजे काढून).

मामींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या मानेवरच्या गाठीबद्दल विचारत नाही. विचारलं की तुम्ही फोन मामींकडे देता.

मी बरी आहे, पण मंगळवारी थोडक्यात वाचले. घरातल्या पहिल्या पदवीधराचा पराक्रम ऐका. गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी आम्ही दोन काचपट्ट्यांवर पसरतो. एक ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवायची आणि नेहमीच्या पद्धतीने रंगवायची. अर्धा तास जातो. दुसरी वाळवायची, मिठाच्या पाण्यातून काढायची आणि झटपट रंगवायची, तीन मिनिटं. दोन्हींत पेशी सारख्याच स्पष्ट दिसतात का, हे चाळीस रुग्णांवर पडताळणं हा माझा अभ्यास. (बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसणाऱ्यांचा अर्धा तास वाचावा, एवढीच इच्छा. माझ्या मार्गदर्शक मॅडमना ती बालिश वाटते.)

चाळिसावा रुग्ण बसड्रायव्हर. दाराएवढा माणूस, सुई पाहून पांढराफटक. "ताई, घाटात ब्रेक गेला तरी चालेल, पण हे नको!" त्याला धीर देता देता मी दोन्ही पट्ट्या वारा घालून छान वाळवल्या. दोन्ही! ओली बुडवायची पट्टी वाळली की पेशी फुगतात. नेहमीच्या रंगासाठी ती वायाच. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं (क्षण बराच लांबला), मग मॅडमना सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या झटपट काचेत दिसलं तर ठीक. नाहीतर त्यांना पुन्हा टोचायचं, आणि ते त्यांना तुम्ही सांगायचं."

मी झटपट काच रंगवली. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या. ड्रायव्हर तीनदा दारात येऊन "झालं का हो?" विचारून गेला, मी तीनदा "होतंय" म्हटलं. मॅडमनी चष्मा पुसून काच पहिल्यापासून पाहायला घेतली, तेव्हा पुन्हा टोचायचं कसं सांगायचं, याची मी मनात उजळणी सुरू केली. अखेर म्हणाल्या, "स्वच्छ दिसतंय. साधी सूज आहे. पद्धत चांगली आहे हो, तुमचे हात तेवढे कमी झटपट चालवा."

ड्रायव्हर रडला. मीही, पण कपाटाआड.

तुमची लाडकी भाची

ता. क. जोडीची काच नसल्याने ड्रायव्हर अभ्यासातून बाद. चाळिसावा माणूस हवाय. सोमवारी दहाला या. सुई मॅडम टोचतील, काचा मी सांभाळेन.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. एकोणचाळिसांवर भागेल, असं मॅडम म्हणाल्या. पण मामा, त्या गाठीला सहा महिने झाले. या. काचा दुसरं कुणी रंगवेल. मी बाकावर तुमच्याशेजारी बसणार आहे.