म्हातारा बोलल्याशिवाय सर्व्हिस नाही

कोणाला पटणार नाही, पण टेनिसच्या कॉमेंट्रीसाठी मला परत बोलावलंय! म्हातारा बोलल्याशिवाय सर्व्हिस करणार नाही, म्हणून खेळाडू अडून बसलेत. तुझा डोळा लागला होता, उठवलं नाही. विमानतळावर निघालोय. पंधरा दिवस फोन येणार नाही. बॉल खेळात असताना आम्ही गप्प बसायचं असतं, तुला ठाऊकच आहे. माझ्या सामन्यांच्या कॅसेटी मात्र टाकू नकोस. त्यांत आवाज आहे.

संध्याकाळी ही चिठ्ठी घेऊन त्याची बायको हॉस्पिटलच्या खोलीत शिरली.

"अहो, पासपोर्ट माझ्या कपाटात आणि विमानं कसली उडवताय? घशाच्या ऑपरेशनला माझी सही लागते, म्हणून इथूनच फोन आला. उद्या सकाळपर्यंत आवाज आहे ना? मग राहिलेल्या थापा आत्ताच मारून घ्या. मी बसलेय."