लाइन तोडण्याआधी

प्रिय शालूताई,

तुमच्यावरचा लेख मी काढून टाकला. हो, मीच. आणि आज सकाळी त्या ज्ञानकोशात असं काही वाचलं की तुम्हाला सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरेना. सांगायचं कुठं पण? विरारच्या तुमच्या घरी फोन लावला तर आता उचलणार कोण? तेव्हा हे पत्र.

रागावू नका. आधी सगळं ऐकून घ्या. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायचं, हे तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलंत ना!

आपली ओळख कशी झाली, आठवतं? वसईजवळच्या आमच्या राजोडी गावात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आहे, कोणीही हौसेनं त्यात लिहू शकतं, असं भाच्यानं सांगितलं आणि मी बसलो की लिहायला! विषय सुकेळी. दुसरं येतंय काय मला? राजेळी केळी सोलून उन्हात वाळवण्यात आमच्या घराच्या पिढ्या गेल्या. दोन बोटांनी टाइप करत अख्खा रविवार घालवला. ‘वसईच्या सुकेळीला जगात तोड नाही आणि माझ्या आईच्या हातची सुकेळी तर स्वर्गातसुद्धा मिळायची नाहीत’ असं झकास वाक्य शेवटी घातलं.

दुसऱ्या दिवशी लेखाच्या डोक्यावर पाटी. संदर्भ नाहीत, मजकूर जाहिरातीसारखा, लेख काढला जाईल. माझा पारा असा चढला! सुकेळी वाळवली आम्ही, पाठी भाजल्या आमच्या, आणि हा कोण कुठला बसल्या जागी मला पुरावा मागतोय? खड्ड्यात गेला तुमचा कोश, म्हणून मी उठणारच होतो. तेवढ्यात कोशातल्या माझ्या चर्चापानावर, लिहिणाऱ्यांना निरोप देतात त्या पानावर, तुमचा निरोप येऊन पडला.

‘नमस्कार. तुमचा लेख वाचला, तोंडाला पाणी सुटलं. तो आहे तसा राहू शकणार नाही. का ते सांगते. लाइनवर राहा.’

लाइनवर राहा! मला हसूच आलं. नंतर कळलं, तुमची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ट्रंक कॉल जोडून द्यायच्या काळातल्या तुम्ही. कॉल तोडावा लागला तर आधी माणसाला सांगायचं, का तोडतोय ते. न सांगता खट्कन लाइन काढली तर तो बिचारा रिसीव्हर कानाला लावून हॅलो हॅलो करत बसतो, असं तुम्ही म्हणायचात. कोशातही तुमचं तेच. लेख उडवण्याचा अधिकार तुमच्याकडे होता, पण लिहिणाऱ्याशी बोलल्याशिवाय तुम्ही एकही लेख उडवला नाहीत.

मग तुम्ही वाचनालयातून शेतीवरचं एक जुनं सरकारी पुस्तक शोधून काढलंत. त्यात सुकेळीवर चांगला परिच्छेदभर मजकूर! माझा लेख त्या पुस्तकाच्या आधारानं उभा राहिला. आईचं वाक्य मात्र काढायला लावलंत. मी किती भांडलो! तुम्ही शांतपणे म्हणालात, “अरे इनास, आईबद्दल मला सांग, पोटभर ऐकते. कोशाला फक्त केळी कशी वाळतात ते सांग.” आणि खरंच ऐकलंत हो. विरारला घरी बोलावून कोकम सरबत दिलंत आणि आईच्या गोष्टी ऐकत बसलात.

त्यानंतर चर्चमधली रविवारची मिसा आटोपली की मी तुमच्या घरी. बायको म्हणायची, पाद्रीबाबांपेक्षा तुम्ही त्या बाईंचं जास्त ऐकता! तिथं कोण कोण यायचं. कोणाला आपल्या शाळेवर लिहायचं असे, कोणाला आपल्या साहेबांवर. सगळ्यांना तुमचा एकच प्रश्न: हे तुमच्याशिवाय, ज्यांच्यावर लिहिताय त्यांच्याशिवाय, तिसऱ्या कोणी छापलंय का? नसेल तर थांबू, शोधू. माणूस हिरमुसला की तुम्ही त्याला दुसरा विषय काढून द्यायचात. लेख गेला तरी हरकत नाही, माणूस जाता कामा नये, असं म्हणायचात.

आणि स्वतः? स्वतः गेलात की! वर्षभर आम्हाला ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणून गुंडाळलंत. अशक्तपणा म्हणे! हॉस्पिटलमधून नवख्यांना उत्तरं लिहीत होतात, हे तुमच्या मुलानं नंतर सांगितलं. एक शब्द बोलला असतात तर मी बागेतली केळी घेऊन आलो असतो, बसलो असतो. याचा मला अजून राग आहे, सांगून ठेवतो.

आता लेखाचं. तो लिहिला हर्षालीनं. पाचूबंदरची, लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते ती. बोंबील कसे वाळवतात यावरचा तिचा लेख तुम्ही तिच्याकडून तीनदा लिहून घेतला होता. तुम्ही गेल्यावर तिनं मन लावून तुमच्यावर लेख लिहिला. एक्स्चेंज, कोश, कोकम सरबत, सगळं त्यात. संदर्भ म्हणून काय दिलं, ठाऊक आहे? ‘आम्ही स्वतः पाहिले आहे.’ लगेच कोणीतरी पाटी लावली आणि लेख काढायचं माझ्यावर आलं. तुमच्या मागे तो अधिकार आता माझ्याकडे.

बटणावर हात जाईना. ठेवून द्यावा गुपचूप, कोणाला कळतंय, असंही मनात आलं. पण मग माझ्या आईचं वाक्य कशासाठी काढलं होतं? आणि काढावा तर पोरगी जाणार. वाळवलेल्या बोंबलावर धड मराठीत लिहिणारी आमच्याकडे ती एकटी. न बोलता तर काढायचा नव्हताच. म्हणून रविवारी मिसेनंतर स्कूटर काढली आणि पाचूबंदर गाठलं.

होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव संपत आला होता. हर्षाली बापाबरोबर जाळं आवरत होती. मी काय सांगायला आलोय ते तिनं माझ्या तोंडावरूनच ओळखलं. मी नियम सांगायला लागलो, तर तिनं हातातलं जाळं खाली टाकलं.

“नियम मला म्हाईत हायेत. ताईंनीच शिकवलेत. पन मग ताईंचं नाव कुठंच रहानार नाय काय?”

खोटी समजूत मला काढायची नव्हती. मग तुमचीच एक गोष्ट आठवली, ती तिला सांगितली. मीही एकदा तुमच्यावर लेख लिहायचा घाट घातला होता. तुम्ही तो पुरता वाचलात, शुद्धलेखन सुधारलंत आणि स्वतःच त्यावर पाटी लावलीत! वर म्हणालात, “माझ्यावर लिहायचंच असेल तर पत्र लिही. पत्राला संदर्भ लागत नाही.”

हर्षाली हसली नाही. जाळं उचललं आणि म्हणाली, “मंग काढा. पन आधी माझ्या पानावर लिवून सांगा. ताई सांगायच्या तसं. आनि पत्र लिवा.”

घरी येऊन मी तिच्या चर्चापानावर सगळं लिहिलं. मग लेख काढला. त्या दिवसापासून हर्षाली कोशात फिरकली नाही. रोज सकाळी बघायचो, तिचं नाव नाही. गेली पोरगी, म्हटलं. तुम्हाला काय तोंड दाखवणार? पत्राला तरी कशी सुरुवात करणार?

आणि आज सकाळी! मराठवाड्यातल्या कोणा नवख्यानं आपल्या गावच्या बैलबाजारावर लेख लिहिलेला. नुसती वाहवा, आधार कसला नाही. नेहमीची पाटी लागली होती. मी म्हटलं, चला, याच्याशी बोलावं. त्याचं चर्चापान उघडलं तर माझ्या आधीच तिथं कोणीतरी येऊन गेलेलं.

‘नमस्कार. तुमचा लेख वाचला, बाजारात फिरून आल्यासारखं वाटलं. तो आहे तसा राहू शकणार नाही. का ते सांगते. लाइनवर राहा.’

खाली सही हर्षालीची.

त्याच्या खाली त्या माणसाचं उत्तरही आलंय, ताई. ‘आहे लाइनवर. सांगा.’

मला भरून आलं. बायकोनं विचारलं काय झालं, तर तिला ते पान वाचून दाखवलं. तिनं चहा पुन्हा गरम करून आणला, तोही समोर तसाच आहे.

तुम्हाला एक शब्द देतो. अधिकार माझ्याकडे आहे तोवर कोणाचाही लेख, कितीही वेडावाकडा असो, त्याच्याशी बोलल्याशिवाय मी काढणार नाही. राग आला तर आधी बागेत एक फेरी मारून येईन, मग लिहीन. आणि येत्या रविवारपासून सगळ्यांना आमच्या ओटीवर बोलावतोय. सरबत कोकमाचंच असेल. हर्षालीला आत्ताच विचारलं, येते म्हणालीय.

आईच्या हातच्या सुकेळींचं ते वाक्य इथं पुन्हा लिहून ठेवतो, कारण इथं कोणी काढणार नाही. तशी सुकेळी स्वर्गातसुद्धा मिळत नाहीत. मिळत असली तर ती आईच करत असेल. तिला भेटा, माझं नाव सांगा.

लाइनवरच आहे,
तुमचा
इनास