मधली धूळ

प्रिय भिंगरी,

नाही, तुझं ताऱ्यांवरचं भाषण ऐकताना मला झोप लागली नव्हती. कुणी विचारलं नाहीये, तरी सांगते. सातवी शिकलेल्या बाईने मोबाइलसमोर तासभर बसायचं म्हणजे काय गंमत आहे? अर्धं डोक्यावरून गेलं, अर्धं राहिलं.

राहिलं ते असं. विझलेला पांढरा बुटका तारा शेजारच्या ताऱ्याचं ओरबाडून खातो, जड होतो आणि एक दिवस फुटतो. सगळे साधारण सारख्याच वजनाला फुटणार, तर उजेडही सारखाच पडणार, असं मोठमोठी माणसं धरून चालली होती. कसलं काय! कुणी हळूहळू खाऊन फुटतो, कुणी दुसऱ्या मेलेल्या ताऱ्यावर आदळून. ज्याच्या पोटात निकेल जास्त तयार होतं तो जास्त झगझगतो. आणि वाटेत धूळ असली की चांगला लखलखीत ताराही इथून मिणमिणता, लालसर दिसतो. आधी मधल्या धुळीचा अंदाज घ्यायचा, मग ताऱ्याला नावं ठेवायची, असं तूच म्हणालीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

कारण बापाला नावं ठेवताना तू तेवढी थांबली नाहीस. तुझी आई गेली तेव्हा तू हंबरडा फोडलास, आणि तुझा बाप, माझा दादा, दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपात जाऊन गेटं जोडत बसला. दगड आहे हा माणूस, म्हणालीस, आणि दोन वर्षं त्याचा फोन उचलला नाहीस.

त्याचा डबा मी घेऊन जायचे. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा न लावताच तो वेल्डिंग करायचा. सगळा जन्म वेल्डिंगमध्ये गेलेला माणूस! नवशिकासुद्धा असं करत नाही. डोळे लालभडक, गालांवरून पाणी. कुणी विचारलं की म्हणायचा, वेल्डिंग लागलं डोळ्यांना. सगळ्यांना पटायचं. रडायला त्याला एवढंच निमित्त सापडलं. मी शिव्या घातल्या, स्वतःच्या हाताने मुखवटा डोक्यावर चढवला. माझी पाठ वळली की हा परत काढायचा. महिनोन्‌महिने.

आता उजवा डोळा गेलाय. डाव्याचं ऑपरेशन गुरुवारी आहे आणि डॉक्टर कसलीच खात्री देत नाहीत. तुला कळवायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती. मोडली. बुधवारपर्यंत ये, म्हणजे तो तुला बघेल तरी. तो रागावलाय का, काय म्हणतोय, हे विचारायला मला फोन करू नकोस. मी काही सांगणार नाही.

तुझीच,
आत्या