थोडं पाणी आलंय

बाबा,
धाटावहून दिशाचा नमस्कार. कंपनीत जेवण बरं मिळतं, काळजी नको.

काल सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ या शब्दाचं उदाहरण मागितलं. पोरांनी आग, स्फोट सांगितले. मी सांगितलं, आमच्या पेणला बांधाला खांड पडली, खाडीचं पाणी शेतात शिरलं आणि दोन-तीन वर्षं भात पिकलं नाय. साहेब म्हणाले, ज्यातून लवकर सावरता येत नाही, तेच कॅटॅस्ट्रॉफिक.

मग मी विचार करत बसले, आपल्या घरात याला काय म्हणतात? खांड पडली तेव्हा हॉस्टेलवर फोन करून तुम्ही एवढंच म्हणाला होतात, “थोडं पाणी आलंय.”

आईचा गुडघा कसा हाय? पुनवेच्या उधाणाला बांधावर एकटे जाऊ नका. आणि फोनवर ‘थोडं पाणी’ म्हणालात, तर मी मिळेल त्या गाडीने निघेन.

तुमची
दिशा